वालावरची माशी पऱ्हाटीवर जाते का? माव्यावरच्या एका परोपजीवीची ओळख पटवताना

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पाच एकर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका वावरात दिवाळीनंतर हा प्रश्न उभा राहिला. पऱ्हाटीत तुरीची तासं होती आणि उत्तरेच्या धुऱ्यावर (बांधावर), काट्यांच्या कुंपणावर वालाचे वेल चढले होते. वालाचे तुरे आणि कोवळ्या शेंगा काळ्या माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, गच्च भरलेल्या. पऱ्हाटीच्या पानांखालीही मावा होताच, आणि खालची पानं चिकट्याने, म्हणजे माव्याने टाकलेल्या गोड चिकट रसाने, चकाकत होती. दुसरा वेचा तोंडावर आलेला. बोंडं फुटलेली असताना चिकटा कापसावर पडला आणि त्यावर काळी बुरशी धरली, की कापसाची प्रत जाते आणि व्यापारी भाव पाडतो. हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

शेजारच्या कास्तकाराचं म्हणणं ठाम होतं. "दादाजी, तो वाल उपटून फेका. सारा मावा तिथूनच पऱ्हाटीवर येऊन राह्यला." वावराचे मालक, ज्यांना अख्खं गाव दादाजी म्हणतं, त्यांनी कृषी केंद्रातून औषध आणून कोठ्यात ठेवलं होतं. पऱ्हाटीवर फवारा मारायचा हे जवळजवळ ठरलेलंच. वालावरही मारायचा की वेलच काढून टाकायचे, एवढाच निर्णय बाकी होता. पण वालाच्या शेंगा त्यांच्या सूनबाई आठवडी बाजारात नेऊन विकतात, हिवाळाभर घरात तो एक हातखर्चाचा आधार असतो. त्यामुळे वाल उपटणं त्यांना मंजूर नव्हतं, आणि खायच्या शेंगांवर औषध मारणं तर त्याहून नाही.

शेतीशाळेच्या कामाने माझं त्या गावात जाणंयेणं असतं. वादाच्या मधोमध त्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, वालाचा एक तुरा माझ्यासमोर धरला. "भाऊ, हा मावा मेला का फुगला? बोटानं पुसला तरी निघत नाही." काळ्या चकचकीत माव्याच्या गर्दीत काही मावे वेगळे दिसत होते: गवताळ-तपकिरी रंगाचे, टम्म फुगलेले, जागचे न हलणारे. तसेच काही पऱ्हाटीच्या पानाखालीही होते. त्या दोन ठिकाणच्या फुगलेल्या माव्यांनी सगळा प्रश्नच वेगळा करून टाकला. हे काम एका लहानशा परोपजीवी माशीचं होतं, गांधीलमाशीच्याच गणातल्या, पण जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या. वालावरच्या माव्यात आणि पऱ्हाटीवरच्या माव्यात एकच माशी वाढत असेल, तर वाल उपटणं म्हणजे पऱ्हाटीच्या राखणदारांचं घर मोडणं. दोन्ही ठिकाणी वेगळ्या माश्या असतील, तर वालाची बाजू तेवढी भक्कम राहत नाही. म्हणजे इथे माशीचं नाव कळणं हे वहीत लिहायचं काम नव्हतं. वाल ठेवायचा की काढायचा, ते त्या नावावर ठरणार होतं.

आधी मावा कोणता

माशीच्या आधी तिचं भक्ष्य ओळखावं लागतं, आणि शेजाऱ्याच्या आरोपाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. वालावरचा मावा म्हणजे एफिस क्रॅक्सिव्होरा. त्याचे प्रौढ काळे, पॉलिश केल्यासारखे चकाकणारे, पाय काळे-पांढरे. पिल्लं मात्र राखट, धूळ बसल्यासारखी. हा मुख्यतः शेंगवर्गीय पिकांचा मावा: वाल, बरबटी (चवळी), तूर, भुईमूग, हरभरा. पऱ्हाटीवरचा एफिस गॉसिपी. त्याला तशी चकाकी नसते. रंग पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत बदलतो, उन्हाळ्यात आणि दाटीत बारीक पिवळे, थंडीत मोठे गडद. पोटाच्या मागच्या बाजूला असलेल्या दोन नळ्या मात्र अंगाचा रंग कसाही असला तरी काळ्या. भिंगातून दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दादाजींना दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. पऱ्हाटी चिकट करणारा मावा वालावरून आलेला नव्हता.

शेजाऱ्याचं म्हणणं पूर्ण खोटं होतं, असं मात्र नाही. काळा मावा तुरीवर जातो आणि तुरीची तासं त्याच वावरात होती. हरभऱ्यातला खुजा रोगही हाच मावा पसरवतो. वालाची बाजू घेताना हे झाकून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही, आणि शेवटच्या निर्णयात तुरीचा विचार त्यामुळेच आला.

ममी वाचणं

फुगून कडक झालेल्या अशा माव्याला कृषी खात्यातले लोक ममी म्हणतात आणि आता शेतकरीही म्हणू लागले आहेत. घडतं ते असं. माशी आपलं पोट पायांमधून पुढे वाकवते आणि जिवंत माव्याच्या अंगात एक अंडं टोचते. अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाते. मावा बरेच दिवस चालताफिरता राहतो, रसही शोषतो. वयात आलेल्या माव्याला टोचलं असेल तर मरण्याआधी तो थोडीफार पिल्लंही देतो. लहानपणीच टोचला गेला तर बहुधा नाही. शेवटी अळी माव्याच्या पोटाखाली चीर पाडते, रेशमाने त्याची रिकामी कातडी पानाला चिकटवते आणि आतच कोष विणते. म्हणून तो बोटाने पुसून निघत नाही.

पानावर मावा असला की तीन गोष्टींची गल्लत होते. माव्याने टाकलेली कात पांढरी, सपाट, कोरडी असते. कुंचल्याने स्पर्श केला की उडून जाते. बुरशीने मेलेला मावा मऊ किंवा लोकरट दिसतो आणि दाबला तर पसरतो. ममी कुंचल्याला दाद देत नाही. वहिनींनी जुन्या नेलपॉलिशचा ब्रश धुऊन घेतला आणि पुढचं सगळं काम त्यानेच केलं.

ममीचा रंग आणि आकार पाहून माशीचं कुळ बऱ्यापैकी सांगता येतं. फिकट तपकिरी, गोल फुगलेली ममी असेल तर आत ॲफिडियिनी उपकुळातली माशी असण्याचा संभव मोठा: ॲफिडियस, डायरेटिएला, बायनोडॉक्सिस यांपैकी कुणीतरी. काळी, सडपातळ, फारशी न फुगलेली ममी बहुतेक वेळा ॲफेलिनसची. पण इफेड्रसच्या ममीही काळ्या असतात, तेव्हा नुसत्या काळ्या रंगावर शिक्का मारता येत नाही. प्रेऑनची ममी तर लांबूनच ओळखू येते: माव्याची कातडी वर आणि तिच्याखाली पांढरट कोषाची वेगळी बैठक.

या वावरात वालावर जवळजवळ सगळ्या ममी फिकट तपकिरी होत्या. पऱ्हाटीवर फिकट तपकिरी जास्त आणि मधूनमधून काळ्या सडपातळ. म्हणजे पऱ्हाटीवर निदान दोन प्रकारच्या माश्या काम करत होत्या, हे बाटलीत काही ठेवण्याआधीच कळलं.

मग भोकं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला भिंगापलीकडे काही लागत नाही आणि तरी शेतातली बरीच गोष्ट कळते. ॲफिडियिनी माशी ममीतून बाहेर पडताना मागच्या बाजूला गोल, गुळगुळीत कडेचं भोक पाडते. कापलेली टिकली अनेकदा झाकणासारखी एका कडेला लटकत राहते. त्याच फिकट, फुगलेल्या ममीला वेड्यावाकड्या, कुरतडलेल्या कडेचं भोक दिसलं, तर आतून आलेली माशी माव्याची शत्रू नसून माव्याच्या शत्रूची शत्रू असण्याची शक्यता मोठी. तिने माव्याच्या आतल्या उपयोगी अळीला खाल्लेलं असतं. अशांना अतिपरजीवी म्हणतात. पानावर ममी खूप दिसल्या म्हणून शेतकऱ्याने निश्चिंत होऊ नये, याचं कारण हेच. उत्तरेच्या धुऱ्यावर, जिथे वाल सगळ्यात जुना होता, तिथे कुरतडलेली भोकं लक्षात येण्याइतकी होती. पऱ्हाटीवर बहुतेक भोकं गोल.

मुंग्यांचाही यात हात असतो. काळ्या माव्याचा गोड चिकटा खायला वालावर मुंग्यांची रांग चालू होती, आणि मुंग्या माव्याजवळ फिरकणाऱ्या माश्यांना हाकलतात. ज्या वेलांवर मुंग्यांची वर्दळ कमी, तिथे ममी जास्त दिसत होत्या. हे निरीक्षण वहिनींचं, मी फक्त त्यांनी दाखवलेले वेल पाहून आलो.

एक ममी, एक बाटली

नाव शोधायचं तर माशी जिवंत बाहेर यायला हवी, आणि ती कोणत्या ममीतून आली हे बिनचूक माहीत हवं. पुष्कळ लोक मूठभर पानं एका बरणीत भरून ठेवतात आणि जे निघेल ते गोळा करतात. त्यातून माश्यांचे प्रकार कळतात, पण कोणती माशी कोणत्या माव्यातून आली हे कायमचं हरवतं. अतिपरजीवी त्यात मिसळली तर तिलाच मित्रकीटक समजण्याचा धोका असतो.

इथे होमिओपॅथीच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या कामी आल्या. प्रत्येक ममी भोवतालच्या पानाच्या इवल्याशा तुकड्यासकट कापून एका बाटलीत, तोंडाला कापसाचा सैल बोळा. ममी पानावरून सोलून काढायची नाही. तिची खालची बाजू फाटते आणि आतला कोष वाळून जातो. पानाचा तुकडा मोठा ठेवला तर तो घाम धरतो, बाटलीच्या आत थेंब साचतात आणि नुकती निघालेली माशी त्यात चिकटून मरते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलही यासाठी वापरतात, स्वस्त पडतात. बाटल्या घरातल्या सावलीच्या कोनाड्यात, पाण्याने भरलेल्या परातीत वाटी पालथी घालून तिच्यावर ठेवल्या, नाहीतर मुंग्यांनी पहिल्याच रात्री फडशा पाडला असता.

चिठ्ठी प्रत्येक बाटलीवर: झाड कोणतं, मावा कोणता, ममीचा रंग, वावराचा कोणता भाग, तारीख. सोबत दोन्ही झाडांवरचे काही जिवंत मावे ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवले, कारण पुढे कुणी माव्याच्या ओळखीबद्दल शंका घेतली तर पुरावा हवा. माशी निघून गेल्यावरही रिकामी ममी फेकायची नाही, ती माशीच्या जोडीला ठेवायची. हे काम वहिनींनी आणि त्यांच्या नववीतल्या मुलीने केलं, आणि इतक्या नेटकेपणाने केलं की पुढे ओळख पटवणाऱ्या जाणकाराने पहिल्यांदा चिठ्ठ्यांबद्दलच विचारलं.

आठवडाभरात फिकट ममींमधून माश्या येऊ लागल्या. घरातल्यांना वाटलं काम संपलं, उरलेल्या बाटल्या धुऊन ठेवाव्या. त्या ठेवून द्यायला सांगितल्या, कारण अतिपरजीवी सहसा उशिरा निघतात. आधी माव्याच्या आतल्या अळीची वाढ होते आणि मग तिच्यावर यांची, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पहिल्या आठवड्यावरच थांबलं तर वावरात फक्त मित्रच आहेत, असं चित्र मिळतं. उरलेल्या बाटल्यांमधून, विशेषतः वालाच्या जुन्या वेलांवरच्या, पुढे खरंच वेगळ्या माश्या निघाल्या.

कोण निघालं

पहिली विभागणी पंखांवर. हे हायस्कूलमधल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात माशी ठेवून, सगळ्यात कमी मोठेपणावर दिसतं. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी आनंदाने प्रयोगशाळा उघडून दिली.

उशिरा निघालेल्यांपैकी काही हिरवट धातूसारख्या चमकणाऱ्या, पंखांत पुढच्या कडेच्या एका शिरेखेरीज जवळजवळ काही नाही, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. ही पॅकिन्यूरॉन, अतिपरजीवी. काही बारीक, गुळगुळीत, तांबूस-तपकिरी, पंखावर छोटासा त्रिकोणी कप्पा आणि पुढच्या कडेवर गडद ठिपका नाही: ॲलॉक्सिस्टा, तीही अतिपरजीवी. या दोघी कुरतडलेल्या भोकांच्या मालकिणी.

पऱ्हाटीवरच्या काळ्या ममींतून आलेल्या माश्या जेमतेम एक मिलिमीटरच्या, आखूड वाकलेल्या मिशांच्या, उडण्याऐवजी टुणकन उडी मारणाऱ्या. पुढच्या पंखावर केसांच्या मधून गेलेली एक तिरकी केसविरहित पट्टी दिसली आणि ॲफेलिनस पक्की झाली. तिची जात ठरवण्याच्या मागे आम्ही लागलो नाही, कारण वालावर काळ्या ममी नव्हत्या आणि आमचा प्रश्न दोन्ही झाडांचा होता. एक मात्र दादाजींना सांगितलं: ॲफेलिनस अंडी घालते तशी काही माव्यांना टोचून त्यांचा रस पिऊनही मारते. त्या मेलेल्या माव्यांची ममी होत नाही, म्हणून तिचं काम ममी मोजून पूर्ण कळत नाही.

राहिल्या फिकट ममींमधल्या माश्या, वालावरच्याही आणि पऱ्हाटीवरच्याही. बारीक कंबर, सरळ मिशा, पंखाच्या पुढच्या कडेला गडद त्रिकोणी ठिपका, आणि बाकी पंख जवळजवळ मोकळा. ॲफिडियसच्या पंखावर शिरा यापेक्षा जास्त असतात, तेव्हा ती बाद. मग मादीच्या पोटाचं टोक पाहिलं. खालच्या बाजूने निघून वर वळलेली दोन टोकं, आचाऱ्याच्या चिमट्यासारखी. ही दोन टोकं अंडं टोचताना माव्याला धरून ठेवायच्या कामी येतात. ती दिसली की शोध ट्रायॉक्सिस आणि तिच्या जवळच्या नातलगांवर येऊन थांबतो. नराला ती नसतात. फलन न झालेल्या अंड्यातून या माश्यांमध्ये नरच जन्मतात, आणि एखाद्या दिवशी बाटल्यांमधून नुसते नर निघाले तर जातीपर्यंत पोचणं फार कठीण होतं. मोजक्याच ममी ठेवणाऱ्यांची अडचण इथे होते.

मिशीचे सांधे मोजले. बुडाचे दोन धरून मादीचे ११. मग कंबरेचा पहिला खंड. नुसत्या ट्रायॉक्सिसमध्ये त्याच्या दोन्ही कडांना फुगवट्यांची एकच जोडी असते. बायनोडॉक्सिसमध्ये तिच्या मागे आणखी एक जोडी. शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर मोठेपणा वाढवून, माशी आडवी-उभी फिरवत, प्रकाश खालून-वरून बदलत हे पाहावं लागलं. मुलीच्या डोळ्यांना ती दुसरी जोडी आधी दिसली. दोन्ही झाडांवरच्या माद्यांना दोन-दोन जोड्या. बायनोडॉक्सिस.

इथपर्यंत गावात पोचता येतं. याच्यापुढे येत नाही, आणि मोबाइलवरच्या फोटोने तर नाहीच. माव्यावरच्या माश्यांचे फोटो पाठवून जातीचं नाव मागणारे खूप जण भेटतात. फोटोत माशीचं उत्तम दर्शन होतं, पण कंबरेवरचा फुगवटा, पोटाच्या टोकांवरचे केस, अंडं घालायच्या नळीच्या आवरणाचा आकार यांतलं काही दिसत नाही, आणि बायनोडॉक्सिसच्या जाती वेगळ्या होतात त्या याच गोष्टींवर. आशियातच तिच्या अनेक जाती आहेत. त्यांतली बायनोडॉक्सिस कम्युनिस तर सोयाबीनवरच्या माव्यासाठी चीनमधून अमेरिकेत नेऊन सोडली गेली. या सगळ्या दिसायला बहिणी-बहिणी.

म्हणून दोन्ही झाडांवरच्या माद्या, त्यांच्या रिकाम्या ममी, मावे आणि चिठ्ठ्या वर्गीकरणाचा अभ्यास असलेल्या एका जाणकाराकडे पोचवल्या. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थांत अशी ओळख पटवण्याचं काम चालतं, पण ओळख कुणीही करो, नमुन्यासोबतची माहिती नीट नसेल तर त्यांचेही हात बांधले जातात. उत्तर आलं: दोन्ही झाडांवरच्या माद्या बायनोडॉक्सिस इंडिकस. शरीररचनेवरून दिलेलं नाव, डीएनए तपासलेला नाही, असंही सोबत लिहिलेलं होतं. ही भारतातच वर्णन झालेली जात, १९५८ साली सुब्बा राव आणि शर्मा यांनी ट्रायॉक्सिस इंडिकस या नावाने नोंदवलेली. जुन्या लिखाणात ती त्याच नावाने सापडते, म्हणून शोधताना दोन्ही नावं धरावी लागतात. काळा मावा आणि कापसाचा मावा, दोन्ही तिचे यजमान म्हणून आधीपासून माहीत आहेत.

नाव एक, पण माशी जाते का?

नाव एकच निघालं म्हणून वालावरची माशी प्रत्यक्षात पऱ्हाटीवर जातेच, हे सिद्ध होत नाही. एकाच जातीतल्या माश्या ज्या यजमानात वाढल्या त्याच्याच वासाकडे ओढल्या जातात, असं पुष्कळ परोपजीवींमध्ये दिसतं. शेजाऱ्यानेही नेमका हाच प्रश्न विचारला: "नाव एक असंन, पण हिला पऱ्हाटीचा मावा चालते का?"

त्यासाठी घरातच दोन बरण्या लावल्या. दोन्हींत पऱ्हाटीची मावा असलेली कोवळी फांदी, देठ ओल्या कापसात, तोंडाला मलमलीचा कपडा. फांद्या ममी दिसत नसलेल्या झाडांच्या निवडल्या. एका बरणीत वालावरच्या ममींतून नुकतेच निघालेले नर-मादी सोडले, कपड्याला मधाचा पुसटसा हात फिरवला. दुसरीत माशी सोडलीच नाही. ही दुसरी बरणी नसती तर प्रयोगाला अर्थ नव्हता, कारण वावरातून आणलेला मावा दिसायला धडधाकट असला तरी आत अळी असू शकते.

माश्यांनी मिशांनी चाचपत मावा शोधला आणि पोट पुढे वाकवून टोचताना घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. दादाजी बराच वेळ बरणीपाशी बसून होते. रात्री गार असल्याने ममी व्हायला अंमळ उशीर लागला. दुसऱ्या बरणीतही काही ममी झाल्या, अपेक्षेप्रमाणे, वावरातूनच आलेल्या. पण माश्या सोडलेल्या बरणीतल्या फांदीवर त्या सहज नजरेत भरतील इतक्या जास्त होत्या, आणि त्यांतून पुन्हा तशाच चिमट्याच्या माद्या निघाल्या. वालावर वाढलेली बायनोडॉक्सिस इंडिकस पऱ्हाटीवरच्या माव्यात अंडी घालते आणि तिची पिल्लं त्यात पूर्ण वाढतात, एवढं या दोन बरण्यांनी दाखवलं. वाऱ्यात, मोकळ्या वावरात ती धुऱ्यापासून किती आत जाते, ते बरणी सांगू शकत नाही. पऱ्हाटीत उत्तर धुऱ्याकडच्या तासांत ममी जास्त आणि दक्षिणेकडे विरळ होत्या, ही गोष्ट मात्र त्या दिशेने बोट दाखवते.

वावरात काय केलं

वाल राहिला. त्यावर काहीही मारलं नाही. मावा फार माजलेले तुरे वहिनींनी तोडून काढले, पण ते जाळले किंवा पुरले नाहीत. धुऱ्याशेजारी सावलीत पसरून ठेवले, म्हणजे ममींतल्या माश्या निघून जातील आणि मावा वाळून मरेल.

पऱ्हाटीत मोजणी केली. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पानामागे सरासरी १० मावे ही फवारणीची पातळी मानतात. वावराच्या मोठ्या भागात मावा तिच्या खाली होता. विहिरीजवळच्या कोपऱ्यात, जिथे पाणी जास्त आणि युरियाचा हातही सैल सुटला होता, तिथे वर. फुटलेला कापूस आधी वेचून घेतला, मग फक्त त्या कोपऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क मारला. कोठ्यातलं औषध न फोडलेलं होतं, ते दादाजींनी केंद्रात परत दिलं. ममीच्या आतल्या अळीला कवचाचा थोडा आडोसा असतो, पण बाहेर येणारी माशी औषध लागलेल्या पानावर चालते आणि मरते. सगळ्या वावरावर फवारा मारला असता तर ममी पानावर तशाच दिसत राहिल्या असत्या आणि त्यांतून कामाचं फारसं काही उरलं नसतं. आणि फवारणीची गोष्ट निघाली की या भागात २०१७ सालच्या यवतमाळमधल्या विषबाधेची आठवण निघतेच. पंप पाठीवर घेणाऱ्या किती घरांत त्या हंगामात माणसं गेली, हे इथे कुणी विसरलेलं नाही. एक फवारा टळला, याला माझ्या लेखी माव्याच्या हिशेबापलीकडेही मोल आहे.

शेजाऱ्याने आपल्या वावरात फवारा मारला. त्याच्या पऱ्हाटीवर मावा जास्त होता आणि त्याने तो मोजून मारला, तेव्हा त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र त्याने धुऱ्याकडच्या चार ओळी सोडल्या.

अतिपरजीवींचं काय करायचं, याला या वावरात उत्तर सापडलं नाही. जुन्या वालावर त्यांचा जोर होता आणि हंगाम पुढे सरकतो तसा तो वाढतच जातो. वाल उशिरा, टप्प्याटप्प्याने लावला तर नव्या वेलांवर उपयोगी माशी आधी पोचेल आणि तिचे शत्रू मागे राहतील, अशी एक कल्पना बोलण्यात आली. धुऱ्याच्या अर्ध्या लांबीवर पुढच्या खरिपात ती करून पाहायची आहे. उरलेल्या अर्ध्यावर मृगातच बरबटी, म्हणजे काळा मावा आणि त्याच्यासोबत माशी पावसाळ्यातच धुऱ्यावर हजर असेल. तुरीवरचा मावा मात्र दर आठवड्याला पाहायचा, कारण वालावरून तो तिथेच जाणार आहे. वहिनींनी बाटल्यांचा नवा डबा त्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे: तुरीवरच्या ममीतून काय निघतं, ते अजून कुणीच पाहिलेलं नाही.